बँकॉकच्या याओवारातमध्ये कसं खावं: मराठवाड्यातून जाणाऱ्यांसाठी

टूरबरोबर बँकॉकला गेलं की रात्रीचं जेवण बहुतेक वेळा इंडियन हॉटेलातल्या दाल फ्रायवरच उरकतं. त्यातली एक संध्याकाळ मोकळी ठेवा आणि याओवारात गाठा. हे तिथलं चायनाटाऊन. एमआरटीच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, निळ्या लाईनवर वाट मंगकोन स्टेशनला उतरलं की पाचेक मिनिटांत चालत पोचता येतं. सहापर्यंत गाडे अजून मांडत असतात, त्यामुळे साडेसहा-सातची वेळ धरा. सोमवारी बरेच गाडे लागत नाहीत.

इथे आपला यूपीआय चालेल असं धरून चालू नका. तिथलं चलन बात, त्याच्या 20, 50 आणि 100 च्या नोटा जवळ असू द्या. हजाराची नोट आधीच मोडून घ्या, गाड्यावर ती काढली की गाडेवाला वैतागतो. एक प्लेट साधारण 50 ते 120 बातला पडते. मासे-खेकडे त्याहून बरेच महाग, ते भाव विचारूनच घ्यावेत. चौघं असाल तर एका गाड्यावर एकच प्लेट घ्या, वाटून खा आणि पुढे सरका. पहिल्याच गाड्यावर पोट भरलं की संध्याकाळ तिथेच संपली.

शाकाहारी मंडळींची खरी अडचण वेगळीच आहे. नुसतं ‘व्हेज’ म्हटलं की मांसाचे तुकडे वगळतात, पण माशाचा सॉस, म्हणजे नाम प्ला, पडतोच. पिवळ्या पाटीवर किंवा झेंड्यावर लाल ‘เจ’ हे अक्षर शोधा, उच्चार ‘जे’. तिथे मांस, मासे, अंडी यांतलं काही नसतं, कांदा-लसूणही नसतो. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात नऊ दिवस ‘जे’चा उत्सव असतो, तेव्हा सगळी याओवारात पिवळ्या झेंड्यांनी भरते. बहुतेक वर्षी तो आपल्या नवरात्रातच येतो, अधिक मासाच्या हिशेबाने कधी पुढेमागे होतो. इतर दिवशी ‘मै साई नाम प्ला’ (माशाचा सॉस नको) आणि ‘मै साई खाई’ (अंडं नको) एवढं पाठ करा. तरी कढई तीच असते, हे ज्याला चालत नाही त्याने फळं आणि भाजलेले चेस्टनट खावेत.

पॅड थाई घेताना आधी कढई बघा. भिजवलेल्या तांदळाच्या शेवया मोठ्या आचेवर, चिंच, ताडगूळ आणि नाम प्लाच्या रसात परततात. मग अंडं, मोड आलेले मूग, वरून शेंगदाण्याचा कूट. एका वेळी एक-दोन प्लेटी करणारा गाडा निवडा. ढीग आधीच करून ठेवलेला असेल तर शेवया वाफेने फुगून चिकट होतात, लिंबू पिळूनही सुधारत नाहीत. टेबलावर साखर, मिरचीपूड, मिरच्या घातलेलं नाम प्ला आणि मिरचीचं व्हिनेगर असतं. चव घेतल्यावरच हात लावा.

‘आपण ठेचा खाणारे’ म्हणून ‘फेत माक’ (जास्त तिखट) सांगू नका. तिथली बारीक मिरची बऱ्याचदा कच्चीच कुटलेली असते आणि सोबत भाकरी नसते. ‘फेत नित नोई’, थोडंसं तिखट, पुरे.

मांस खाणाऱ्यांनी कुआय चाप घ्यावं: मिऱ्याचा झणका असलेलं सूप, त्यात तांदळाच्या गुंडाळ्या. पण त्यात डुकराचं मांस आणि आतडी-काळीज असतं, हे घेण्याआधी माहीत असावं. ‘मू’ म्हणजे डुक्कर, ‘नुआ’ म्हणजे बीफ, ‘काय’ म्हणजे कोंबडी. नको असेल तर आधी ‘मै आओ’ जोडा.

शेवटी खाओ निआओ मामुआंग, म्हणजे आंबा आणि चिकट भात. आंबा समोर कापून देणारा गाडा बघा. वरचं नारळाचं दूध खारट लागतं, ते नासलेलं नाही, मीठ घातलेलंच असतं. आपल्या केशरशी तुलना करत बसू नका, हा आंबा वेगळ्या जातीचा.

ज्या गाड्याचं टेबल, त्याचंच खाणं. दुसरीकडचं आणून तिथे बसू नये. पैसे बहुधा खाऊन झाल्यावर द्यायचे, ‘केप तांग’ म्हटलं की हिशेब येतो. एमआरटी मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते. ती चुकली आणि टुकटुक करावी लागली, तर बसण्याआधी भाडं ठरवा.