नावातल्या ‘बाई’मुळे अडलेली फॅमिली पेन्शन: माझा अनुभव

माजी सैनिक असलेले काका वारले, स्पर्श पोर्टलवर (सैन्याच्या पेन्शनची ऑनलाइन व्यवस्था) मृत्यूची नोंद झाली, तरी काकूंची फॅमिली पेन्शन सुरू होईना. पीपीओवर (पेन्शन मंजुरीचा आदेश) ‘सुमनबाई’, आधारवर ‘सुमन’. खान्देशात हा घोळ घरोघरी सापडेल.

बँकेत अर्ज, पोर्टलवर तक्रार, सगळं करून पाहिलं. जीव मेटाकुटीला आला. सर्व्हिस रेकॉर्डमधलं नाव बँक बदलत नाही, ते रेकॉर्ड ऑफिसचं, म्हणजे सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या लष्करी कार्यालयाचं काम.

आधी डिस्चार्ज बुकातलं (निवृत्तीच्या वेळी सैनिकाला मिळणारं पुस्तक) पत्नीचं नाव अक्षर न् अक्षर उतरवून घेतलं. मग दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असं प्रतिज्ञापत्र केलं. त्यात सर्व्हिस नंबर, रँक आणि दोन्ही स्पेलिंगं इंग्रजीत घाला; नुसत्या मराठीतल्या कागदावर पुन्हा शंका निघते. सोबत मृत्यूचा दाखला, पीपीओ, आधार, पॅन जोडून सगळं जळगावच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला पाठवलं. धुळेकरांनी धुळ्याच्या कार्यालयात जावं. नावाच्या बदलाची अधिकृत नोंद करणारी पार्ट टू ऑर्डर निघाली, मगच स्पर्शवर नाव जुळलं आणि पेन्शन लागली.

तोवर खात्यात जमा होणारी सैनिकाची पेन्शन काढू नका, नंतर वसुली लागते. पहिली रक्कम आली की दरही तपासा: निवृत्तीनंतर मृत्यू झाला असेल तर ७ वर्षं किंवा सैनिकाच्या वयाची ६७ वर्षं, जे आधी येईल तोवर वाढीव दर मिळतो.