डबे पोचवणाऱ्या पोरांचा विमा

नागपूरच्या महाल भागात आमचा डब्यांचा छोटा व्यवसाय आहे, दोन पोरं स्कूटरवर डबे पोचवतात. पावसाळ्यात मानेवाड्याकडे एकाची गाडी रेतीवर घसरली. मनगट मोडलं. हेल्मेट होतं, पण हँडलला अडकवलेलं, बक्कल तुटलेलं. ते बक्कल मी आधीच पाहायला हवं होतं.

गाडीचे कागद काढले तेव्हा कळलं की त्यातलं 15 लाखांचं अपघात संरक्षण गाडीमालकाचं, म्हणजे माझं. पोट्ट्याला काहीच नाही! खर्च मी केला, तो करायलाच हवा होता. कामावर इजा झाली तर भरपाई मालकाने द्यायची, हे 1923 च्या कायद्यापासून चालत आलंय.

मग दोघांसाठी कर्मचारी भरपाई पॉलिसी काढली. उपचाराचा खर्च त्यात आपोआप येत नव्हता, तो वेगळा जोडून घेतला. पगार खरा लिहा. हप्ता वाचवायला कमी दाखवला तर दाव्याच्या वेळी अडतं. शिवाय बँकेतून प्रधानमंत्री सुरक्षा विमा: वर्षाला 20 रुपये, अपघाती मृत्यूला 2 लाख. दवाखान्याचं बिल मात्र त्यातून मिळत नाही.

आता रोज सकाळी डबे भरण्याआधी दोघांच्या हेल्मेटचं बक्कल मी स्वतः लावून बघते.