एक्सपोर्टचं बटण दाबल्यानंतर

गेम डेव्हलपमेंटमध्ये नव्याने आलेली मुलं बिल्ड, म्हणजे गेमची चालवता येणारी तयार प्रत, बघणाऱ्या माणसाला हमखास एक प्रश्न विचारतात. युनिटी, अनरियल, गोडो, गेम बनवायच्या या सगळ्या इंजिनांत मॅक आणि लिनक्ससाठी एक्सपोर्टची सोय आहे, मग स्टुडिओ तिकडे फिरकत का नाहीत? मी बिल्डचं आणि पोर्टिंगचं, म्हणजे गेम दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर नेण्याचंच काम करते, त्यामुळे हे अनेकदा समजावून झालंय. बिल्ड काढायला फारसं काही लागत नाही. ती पुढची काही वर्षं चालती ठेवायला माणसं लागतात, आणि स्टुडिओकडे नेमकी तीच कमी असतात.

मीटिंगमध्ये आधी आकडे निघतात. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या हार्डवेअर सर्वेक्षणात लिनक्सचा वाटा वर्षानुवर्षं १ टक्क्याच्या आसपास रेंगाळला. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तो पहिल्यांदा ३ टक्क्यांच्या वर गेला. पण हा सगळ्या स्टीमचा वाटा झाला, तुमच्या गेमचा असेलच असं नाही. ‘रॉकेट लीग’चा मॅक आणि लिनक्सवरचा सपोर्ट मार्च २०२० मध्ये थांबला, तेव्हा तो बनवणाऱ्या सायोनिक्सने सांगितलं होतं की हे दोन्ही मिळून सक्रिय खेळाडूंच्या ०.३ टक्क्यांहून कमी भरतात. ‘काउंटर-स्ट्राइक २’ २०२३ मध्ये आला तो मॅकशिवाय. स्टीम चालवणाऱ्या आणि लिनक्ससाठी इतका पैसा ओतणाऱ्या वॉल्व्हनेही तिथे १ टक्क्याच्या आतल्या खेळाडूंचाच हिशेब पुढे केला.

नवखे इथेच थांबतात आणि ‘खेळाडू कमी म्हणून सपोर्ट कमी’ असं समजून घेतात. सायोनिक्सच्या त्याच खुलाशात दुसरी गोष्ट होती: गेम डायरेक्टएक्स ९ वरून ११ वर जाणार होता. खरी मेख तिथे आहे. गेमला ग्राफिक्स कार्डाशी बोलायची भाषा प्रत्येकाची वेगळी: विंडोजवर डायरेक्टएक्स, मॅकवर मेटल, लिनक्सवर व्हल्कन किंवा ओपनजीएल. ग्राफिक्सचा पाया बदलला की प्रत्येक शेडर (पडद्यावरचा रंग-प्रकाश ठरवणारा छोटा प्रोग्राम), प्रत्येक पोस्ट-प्रोसेसिंग इफेक्ट पुन्हा तपासावा लागतो. इंजिन बरंच सांभाळून घेतं, हे खरं. पण गेमला वेगळेपण देणारा एखादा पाण्याचा किंवा धुक्याचा शेडर कोणीतरी हाताने लिहिलेला असतो, आणि दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर पहिल्यांदा काळा पडतो तो बहुधा तोच.

मॅकची कथा वेगळी आहे. अ‍ॅपलने २०१८ मध्ये, मॅकओएसच्या मोहावी आवृत्तीपासून, ओपनजीएल कालबाह्य ठरवलं. व्हल्कन तर त्यांनी स्वीकारलंच नाही; मोल्टनव्हीके नावाच्या थरातून ते मेटलवर चालवावं लागतं. २०१९ च्या कॅटलिनामध्ये ३२-बिट अ‍ॅप्स चालेनाशी झाली आणि कित्येक जुने, उत्तम चाललेले गेम एका अपडेटमध्ये गेले. पुढच्याच वर्षी इंटेलऐवजी अ‍ॅपलची स्वतःची चिप आली. ‘मग पुन्हा ६४-बिटमध्ये कंपाइल करा ना’ असं म्हणणाऱ्याने एकदा बंद पडलेला प्रोजेक्ट उघडून बघावा. इंजिनची ती आवृत्ती आता मिळत नाही. आवाजासाठी विकत घेतलेल्या लायब्ररीची (बाहेरच्या तयार कोडची) ६४-बिट आवृत्ती कधी निघालीच नाही. सेव्ह फाइलचा कोड लिहिणारा माणूस केव्हाच नोकरी सोडून गेलेला. आणि हे सगळं ज्या गेमसाठी करायचं, त्याची मोठी कमाई रिलीजनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच होऊन गेलेली असते. कोणता निर्माता त्यावर दोन माणसं बसवेल?

लिनक्सवर कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, सहसा दगा देत नाही. त्याच्या वरच्या लायब्ररी देतात. २०२२ मध्ये जीलिबसी या लिनक्सच्या पायाभूत लायब्ररीच्या २.३६ आवृत्तीतून डीटी-हॅश नावाची जुनी तक्ता-पद्धत वगळली गेली आणि ईझी अँटी-चीट हे फसवणूक पकडणारं सॉफ्टवेअर वापरणारे गेम काही डिस्ट्रोंवर (लिनक्सच्या वेगवेगळ्या अवतारांवर) चालेनात. गेमच्या कोडमध्ये एक अक्षरही बदललं नव्हतं. स्टीमने स्वतःचा रनटाइम कंटेनर, म्हणजे ठरावीक लायब्ररींचा बंद डबा, दिल्यापासून हा त्रास कमी झालाय, पण गेम स्टीमबाहेर विकायचा असेल तर जबाबदारी तुमचीच.

आता तिकिटांबद्दल, म्हणजे खेळाडूंच्या नोंदवलेल्या तक्रारींबद्दल, कारण नवख्यांची पहिली नेमणूक अनेकदा तिथेच होते. ‘प्लॅनेटरी अ‍ॅनिहिलेशन’वर काम केलेल्या एका डेव्हलपरने जाहीरपणे सांगितलं होतं की लिनक्सचा विक्रीतला वाटा ०.१ टक्क्याहून कमी, पण क्रॅश आणि तिकिटांतला २० टक्क्यांहून जास्त. हे उदाहरण निर्मात्यांना तोंडपाठ असतं. दुसरं फारसं कोणी सांगत नाही. ‘डेल्टा-व्ही: रिंग्ज ऑफ सॅटर्न’ या छोट्या गेमच्या निर्मात्याने २०२१ मध्ये स्वतःचे आकडे मांडले: लिनक्सवाले विक्रीत ५.८ टक्के, बग रिपोर्टमध्ये ३८ टक्के. मात्र त्यांतले फक्त लिनक्सवर दिसणारे बग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीचे सगळ्याच खेळाडूंना छळत होते, नीट लॉग जोडून कळवले तेवढे लिनक्सवाल्यांनी. माझा अनुभव या दुसऱ्या गोष्टीच्या जवळ जातो. ‘चालत नाही’ एवढंच लिहिलेल्या दहा तिकिटांपेक्षा असं एक तिकीट मी आनंदाने घेईन.

मल्टिप्लेअरमध्ये मात्र चित्र अवघड आहे. ईझी अँटी-चीट आणि तशाच बॅटलआय यांनी २०२१ मध्ये प्रोटॉनला, म्हणजे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या वॉल्व्हच्या थराला, पाठिंबा दिला, पण तो चालू करायचा की नाही हे प्रत्येक स्टुडिओ ठरवतो. ‘एपेक्स लेजेंड्स’ने चालू केलेला दरवाजा ऑक्टोबर २०२४ मध्ये फसवणुकीचं कारण देत बंद केला. ज्या प्रणालीचं कर्नलसुद्धा वापरणारा स्वतः बदलू शकतो, तिथे कर्नलमध्ये बसून पहारा देणाऱ्या अँटी-चीटचा भरवसा उरत नाही, हा युक्तिवाद मला पटतो. त्याचा दोष सरसकट लिनक्सवाल्यांवर ढकलणं पटत नाही.

वॉल्व्हने २०१८ मध्ये प्रोटॉन आणला, २०२२ मध्ये स्टीम डेक हे हातात धरून खेळायचं, लिनक्सवर चालणारं यंत्र आलं, आणि विंडोजची बिल्ड लिनक्सवर न बदलता चालू लागली. त्यामुळे छोट्या स्टुडिओला माझा सल्ला असा की एकदा काढून टाकून दिलेल्या नेटिव्ह (खास लिनक्ससाठी बनवलेल्या) बिल्डपेक्षा डेकवर नीट तपासलेली विंडोज बिल्ड बरी. यावर मी कट्टर लिनक्सप्रेमींची बोलणी खाल्ली आहेत. त्यांचा मुद्दा खोटा नाही, नेटिव्ह पोर्ट करणाऱ्यांनी या क्षेत्राला बरंच दिलंय. १९९८ ते २००२ एवढंच जगलेल्या, लिनक्ससाठी गेम पोर्ट करणाऱ्या लोकी सॉफ्टवेअरच्या काळात वाढलेली एसडीएल ही लायब्ररी आजही असंख्य गेमच्या पोटात आहे. कंपनी मात्र लिनक्स पोर्टच्या विक्रीवर तगली नाही.

या कामात शिरायचं असेल तर पोर्ट शेवटच्या महिन्यावर ढकलू नका. पहिल्या आठवड्यापासून तिन्ही प्लॅटफॉर्मची बिल्ड आपोआप निघेल अशी व्यवस्था लावा, मग ती कोणी खेळो न खेळो. फाइलच्या नावात एक अक्षर कॅपिटल आणि कोडमध्ये स्मॉल असेल तर विंडोज चालवून घेतं, लिनक्सवर फाइल सापडतच नाही. हे पहिल्या आठवड्यात कळलं तर पाच मिनिटांचं काम असतं. आवाज, व्हिडिओ, अँटी-चीट यांपैकी काहीही बाहेरून घेण्याआधी ते कुठे कुठे चालतं ती यादी वाचा. मुलाखतीत ‘मला क्रॉस-प्लॅटफॉर्म येतं’ म्हणण्याऐवजी गेम जॅममध्ये (थोड्या दिवसांत गेम बनवायच्या स्पर्धेत) केलेला एखादा गेम तिन्हीकडे चालवून दाखवा आणि कुठे अडलं होतं ते सांगा, समोरचा लगेच सरसावून बसतो. स्टोअरच्या पानावर नुसतं ‘लिनक्स’ लिहू नका, तुम्ही तपासलेल्या डिस्ट्रोचं नाव आणि आवृत्ती लिहा. मॅकसाठी वर्षाला ९९ डॉलरचं डेव्हलपर खातं आणि नोटरायझेशन (अ‍ॅपलकडून बिल्ड तपासून घेणं) धरून चला. शिवाय ती बिल्ड नेटवरून डाउनलोड करून दुसऱ्याच मॅकवर उघडून बघा, कारण स्वतःच्या मशीनवर बनवलेल्या बिल्डला मॅकचा पहारेकरी गेटकीपर हात लावत नाही, डाउनलोड केलेलीच अडवतो.