कार्टूनमधलं अस्वल नेमकं कुठल्या जातीचं, हे कसं ओळखायचं?

पहिली गोष्ट, रंगावर जाऊ नका. कार्टूनवाले अस्वलाला पिवळं, निळं काहीपण रंगवतात आणि खरी अस्वलंही काही कमी नाहीत, अमेरिकन ब्लॅक बेअर नावाला काळं पण बऱ्याचदा तपकिरी असतं आणि कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याकडे तर त्यातली काही चक्क पांढरीसुद्धा निघतात.

मग आधी गोष्ट कुठे घडते ते बघा, निम्मं काम तिथेच होतं. आज जगात अस्वलांच्या ८च जाती आहेत आणि प्रत्येकीचा इलाखा ठरलेला आहे. पुस्तकांतलं अस्वल पॅडिंग्टन पेरूचा, आणि अख्ख्या दक्षिण अमेरिकेत चष्मेवालं अस्वल सोडून दुसरं अस्वलच नाही, विषय संपला! (लेखकाने आधी त्याला आफ्रिकेतून आणायचं ठरवलेलं, पण तिथे अस्वलं नाहीत हे कळल्यावर १९५८ च्या पुस्तकात पेरू आलं.) जंगल बुकमधल्या बल्लूचं जरा अवघड आहे. किपलिंगने १८९४ मध्ये त्याला तपकिरी अस्वल म्हणून ठेवलंय, त्यावरून लोक अजून भांडतात, पण गोष्ट मध्य प्रदेशातल्या सिवनीच्या जंगलातली आणि तिथे राहतं ते स्लॉथ बेअर, त्यामुळे माझं मत जागेला.

जागेवरून नाही जमलं तर अंगाकडे बघा. खांद्यावर उंचवटा असेल तर तपकिरी अस्वल, म्हणजे ग्रिझली वगैरे. छातीवर चंद्रकोर आणि मोठे गोल कान असतील तर आशियाई काळं अस्वल. छातीवर इंग्रजी व्ही सारखा पट्टा, विस्कटलेले लांब केस आणि लांब वाकडी नखं दिसली तर स्लॉथ बेअर. ह्याचं तोंड नीट बघण्यासारखं असतं, वरचे मधले दोन दात नसतातच, त्या फटीतून ओठांची नळी करून वाळवी व्हॅक्यूम क्लीनरसारखी ओढतं आणि तेव्हा माती जाऊ नये म्हणून नाकपुड्या बंद करून घेतं. ह्याच नखं-दातांमुळे जॉर्ज शॉ ह्या शास्त्रज्ञाने १७९१ मध्ये त्याला सरळ स्लॉथच्या (झाडाला लटकून राहणारा एक संथ प्राणी) खात्यात टाकलेलं, स्लॉथ बेअर हे नाव त्यातूनच उरलंय.

टेडी बेअरला अंगावरून ओळखायच्या भानगडीत पडू नका, तिथे किस्साच शोधावा लागतो. १९०२ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपीत तिथले अध्यक्ष थिओडोर ऊर्फ टेडी रूझवेल्टने बांधून ठेवलेलं अस्वल मारायला नकार दिला, त्यावर व्यंगचित्र आलं आणि त्यावरून खेळणी निघाली, आणि ते अस्वल होतं ब्लॅक बेअर. विनी द पूचं नावपण लंडन झूमधल्या विनी नावाच्या ब्लॅक बेअर मादीवरूनच आलं.

आता नकली अस्वलं बाजूला काढा. कोआला पिशवीवाला प्राणी, कांगारूच्या गोतावळ्यातला. कुंग फू पांडामधले मास्टर शिफू रेड पांडा, त्यांचं कुळच वेगळं. पण त्यातला हीरो पो, म्हणजे काळा-पांढरा पांडा, मात्र खरं अस्वल! अर्थात हे ठरायला शंभरावर वर्षं गेली, १८६९ मध्ये आर्मां डाव्हीद ह्या मिशनऱ्याने पांडाला अस्वलच म्हटलेलं, दुसऱ्याच वर्षी पॅरिसच्या तज्ज्ञाने हाडं-दात बघून त्याला रेड पांडाजवळ नेलं, मग कोण रॅकून म्हणे कोण अस्वल, शेवटी १९८५ च्या सुमारास रेणूंच्या पातळीवर तपासणी झाली आणि पांडा परत अस्वलांत आला. त्यामुळे जुनं पुस्तक वाचताना छापल्याचं साल आधी बघायचं.

आणि एक ट्रिक, जी मला सगळ्यात आवडते. शास्त्रीय नावापुढे नाव ठेवणारा माणूस आणि साल लिहितात ना, ते कंसात आहे का बघा. कंस असेल तर त्या प्राण्याला आधी दुसऱ्या प्रजातीत (म्हणजे जीनसमध्ये, जवळच्या जातींच्या गटात) टाकलेलं आणि नंतर हलवलं. पांडापुढे (डाव्हीद, १८६९), स्लॉथ बेअरपुढे (शॉ, १७९१), दोन्ही कंसात. ध्रुवीय अस्वलापुढे नुसतं फिप्स, १७७४, कारण मधल्या काळात त्याला वेगळी प्रजात देऊन झाली तरी शेवटी ते मूळच्या उर्सस ह्या प्रजातीतच परत आलं.