दाराच्या खळग्यातून अजिंठा: वॉल्टर स्पिंक यांच्या पद्धतीनं लेणी कशी वाचावीत

अजिंठ्यात बहुतेकांची मान वर असते. चित्रं जरूर बघावीत, पण वॉल्टर स्पिंक यांची पद्धत शिकायची असेल तर नजर खाली आणि कोपऱ्यात न्यावी लागते: चौकटीच्या मागे, मूर्तीच्या पायथ्याशी, जिथे छिन्नी थांबली त्या जागी.

स्पिंक (१९२८–२०१९) हे अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातले कलेतिहासकार. अर्ध्या शतकाहून जास्त काळ त्यांनी या एका डोंगरावर घालवला आणि अजिंठ्याच्या इतिहासावर अनेक खंड लिहिले. मांडणी थोडक्यात अशी: सातवाहनकाळातली पाच लेणी (९, १०, १२, १३ आणि १५अ) बाजूला ठेवली तर बाकीचं सगळं काम इ.स. ४६२ ते ४८० या जेमतेम वीस वर्षांत झालं. गादीवर होता वत्सगुल्म, म्हणजे आजच्या वाशीमचा वाकाटक राजा हरिषेण. त्याआधीचे बरेच अभ्यासक हेच काम दोनेक शतकांवर पसरवत. दोन शतकांचं काम वीस वर्षांत बसवायचं तर प्रत्येक फरकाला कारण द्यावं लागतं, आणि त्या हट्टातूनच ही बघण्याची पद्धत तयार झाली. कालगणना पटो न पटो, पद्धत उपयोगाची आहे.

निघण्यापूर्वी

सोमवारी लेणी बंद असतात, हे आधी ध्यानात घ्या. पूर्ण दिवस हाताशी हवा. सोबत एक वही, पेन्सिल, छोटी दुर्बीण आणि लेण्यांचे तलविन्यास, म्हणजे जमिनीच्या पातळीवरचे आराखडे. वहीत प्रत्येक लेण्याला एक पान द्या आणि त्यावर पाच ओळी आधीच आखून ठेवा: खोदकाम, दारं, खांब, गाभारा, रंगकाम. प्रत्येक ओळ वेगळी भरायची. स्पिंक यांच्याकडून घ्यायची पहिली गोष्ट हीच, की एका लेण्याला एकच तारीख नसते. सुरुवात कधी, दारं कधी, मूर्ती कधी, गिलावा कधी, हे वेगवेगळे प्रश्न आहेत.

चार लेखांचे मुद्दे पाठ असू द्या, कारण बाकी सगळं त्यांना टांगलेलं आहे. वाशीमजवळच्या हिस्से-बोराळ्याचा लेख हरिषेणाच्या बापाच्या, देवसेनाच्या काळातला आहे आणि त्यावर शके ३८० आहे, म्हणजे इ.स. ४५७-५८. लेणं १६ मधला लेख हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा. लेणं १७ चा लेख हरिषेण राज्य करत असतानाच तिथल्या मांडलिक राजानं कोरवला. लेणं २६ चा लेख बुद्धभद्र नावाच्या भिक्षूचा, त्यात अश्मकांच्या, म्हणजे शेजारच्या राज्याच्या, मंत्र्याचा उल्लेख येतो. ही माणसं एकमेकांच्या जवळच्या काळातली, हा वीस वर्षांच्या कालगणनेचा कणा.

कोणत्या क्रमानं फिरावं

लेण्यांचे आकडे म्हणजे वय नव्हे. ते फक्त वाटेनं जाताना ओळीनं दिलेले आहेत. एकपासून सुरुवात केली की घोळ होतो, कारण पहिलंच लेणं शेवटच्या बहरातलं आहे आणि तेच मापदंड होऊन बसतं. म्हणून १ ते ८ ओलांडून थेट ९ आणि १० कडे जा.

१० मध्ये निवांत अर्धा तास द्या. सुमारे ३० मीटर खोल चैत्यगृह (स्तूप असलेलं प्रार्थनागृह), ३९ अष्टकोनी खांब, कुठेही कोरीव नक्षी नाही. हा दगड इसवी सनापूर्वीचा. पण खांबांवर रंगवलेले बुद्ध पाचव्या शतकातले आहेत. आणि उजव्या बाजूच्या एका खांबावर जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं २८ एप्रिल १८१९ ला स्वतःचं नाव खरवडलंय, तेही आज माणसाच्या डोक्यापेक्षा बरंच वर, कारण तेव्हा आत मलबा भरलेला होता आणि तो त्यावर उभा होता. एका खांबावर तीन काळ. वरचा थर खालच्या थराच्या नंतरचा, हा साधा नियम इथे डोळ्यांनी पटतो आणि मग दिवसभर तोच वापरायचा असतो.

तिथून १२: भिक्षूंच्या खोल्यांत झोपायला दगडी ओटे. वाकाटककाळातल्या विहारांत, म्हणजे भिक्षूंच्या निवासाच्या लेण्यांत, सहसा ते नाहीत. मग ११. इथे गाभाऱ्यातली बुद्धमूर्ती अर्धवट खोदलेल्या स्तूपाला चिकटून आहे. स्पिंक यांचं म्हणणं, वाकाटककाळातले सुरुवातीचे विहार नुसते राहण्यासाठी होते, गाभारा ही नंतर सुचलेली गोष्ट. ११ मध्ये ती चाचपडणारी अवस्था दिसते. पुढे १६, १७, १९, २४, २६, आणि परत येताना ५, ४, २ आणि सगळ्यात शेवटी १.

दारं

स्पिंक यांचं नाव निघालं की जाणकार दारांबद्दल बोलू लागतात, ते उगाच नाही. मूर्तीची शैली कारागिराच्या हातावर, देणगीदाराच्या पैशावर अवलंबून असते. दार बसवायची रीत मात्र निव्वळ सोयीची बाब: चांगली रीत सापडली की जुनीकडे कोणी परत जात नाही. म्हणून ती काळ मोजायला जास्त भरवशाची.

खोलीच्या दाराशी उभं राहा आणि चौकटीच्या आतल्या, मागच्या बाजूला बघा. लाकडी फळी वर आणि खाली खुंटावर फिरायची. तो खुंट बसायचा खळगा कुठे आहे, हा प्रश्न. सुरुवातीच्या खोल्यांत चौकट नुसती कापलेली, दारासाठी सोयच केलेली नाही. नंतर खोदतानाच वरच्या बाजूला दगडाचा एक तुकडा आत पुढे आलेला ठेवतात आणि त्यात भोक पाडतात. सर्वांत शेवटी चौकटीच्या मागे दगडात खाच घेतात, खळगे त्या खाचेत जातात आणि फळी भिंतीशी नीट बसते. वहीत प्रत्येक खोलीसमोर तिची रीत टिपा. एकाच विहारात पुढच्या खोल्यांना एक रीत आणि मागच्यांना दुसरी दिसली, तर काम किती लांबलं ते कळलं. जुन्या चौकटीत मागाहून सुधारणा केलेली असेल तर तिथे छिन्नीचे घाव वेगळ्या दिशेचे असतात.

खळग्याची कडही बघा. दार वर्षानुवर्षं उघडझाप झालं असेल तर दगड गुळगुळीत होतो. धारदार कड म्हणजे तिथे कोणी फारसं राहिलंच नाही.

अर्धवट राहिलेलं

लेणी वरून खाली आणि समोरून आत खोदत नेतात. त्यामुळे काम थांबलं की ते कुठे थांबलं याची खूण आपोआप राहते. २४ पुरं झालं असतं तर अजिंठ्यातल्या मोठ्या विहारांत मोडलं असतं. आत उभं राहून पुढच्या आणि मागच्या भागाची सफाई ताडून बघा. त्याहून बोलकं लेणं ५: सजवलेली दारचौकट तयार आणि आत मंडप जवळपास नाहीच. आधी सगळं खोदायचं आणि मग सजवायचं अशी कामाची रीत नव्हती, दोन्ही टोळ्या एकामागोमाग चालत. ४ मध्ये खडकातल्या दोषामुळे छत कोसळलं आणि ते आणखी वर खोदून उंच करावं लागलं. तिथे छत पाहताना हे डोक्यात ठेवा, नाहीतर उंचीला उगाच सौंदर्यदृष्टी चिकटवली जाते.

आगंतुक मूर्ती

स्पिंक यांच्या मते हरिषेण ४७७ मध्ये गेला, वर्षभरात बडे देणगीदार पांगले आणि ४८० पर्यंत उरलेल्या भिक्षूंनी व किरकोळ दात्यांनी मिळेल त्या जागेत आपापला बुद्ध कोरून, रंगवून घेतला. या मूर्ती ओळखायच्या तीन खुणा: शेजारच्या पटाशी रेघ जुळत नाही, आकार मनमानी असतो आणि आधीच्या नक्षीची कड कापलेली असते. लेणं ९ च्या दर्शनी भागावर आणि २६ च्या आतल्या बाजूच्या मार्गात सराव करा. पाय खाली सोडून बसलेला, म्हणजे प्रलंबपादासनातला बुद्ध त्यांच्या क्रमात उशिराचा. १९ च्या स्तूपावर बुद्ध उभा आहे, २६ च्या स्तूपावर पाय सोडून बसलेला. ही दोन चैत्यगृहं लागोपाठ बघितली तर फरक विसरत नाही.

कुठे चुकतं

ओबडधोबड ते जुनं, ही सगळ्यात मोठी चूक. घाईत उरकलेलं काम जुन्याहून ओबड दिसतं. लेणं १६ ची सुरुवात लवकरची, पण मुख्य मूर्ती प्रलंबपादासनात. मूर्तीवरून लेण्याची तारीख ठरवली की फसगत.

दुसरी चूक दुरुस्तीला मूळ समजण्याची. कित्येक खांब विसाव्या शतकात सिमेंटनं उभे केलेत. हात न लावता तिरप्या उजेडात बघा: छिन्नीचे घाव नसतील आणि पृष्ठभाग एकसारखा सपाट असेल तर त्या खांबाला वहीत जागा नाही.

तिसरी चूक चित्रांवरच्या पिवळट, काळपट थराला दिव्याची काजळी समजण्याची. १९२०–२२ मध्ये निजाम सरकारनं चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तंत्रज्ञांकडून चित्रं पक्की करून घेतली. त्यांनी लाखेचा लेप वापरला आणि तो पुढे पिवळा पडला. फ्लॅशला बंदी आहेच, विजेरीचा झोतही चित्रावर रोखू नये.

आणि स्पिंक यांनी दिलेल्या वर्षांना पंचांग समजू नका. इतिहासकार वा. वि. मिराशींनी हरिषेणाचा काळ सुमारे ४७५ ते ५०० धरला होता. पाचव्या शतकाचा उत्तरार्ध आज बहुतेकांना मान्य आहे, पण अमुक वर्षी अमुक ओसरी इतका बारकावा सगळे मान्य करत नाहीत. स्पिंक यांच्या साखळीतला सर्वांत कच्चा दुवा म्हणजे दंडीच्या ‘दशकुमारचरित’ या संस्कृत कथाग्रंथातल्या आठव्या उच्छ्वासाला, म्हणजे प्रकरणाला, वाकाटकांच्या पडझडीचा इतिहास मानणं, ती कथा घटनेनंतर काही पिढ्यांनी लिहिलेली आहे. दारांचा पुरावा त्या कथेवाचूनही उभा राहतो.

शेवटी लेणं १

पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोरची गर्दी ओलांडून गाभाऱ्याच्या दाराशी जा. स्पिंक हे लेणं खुद्द हरिषेणाचं मानतात आणि त्याची प्राणप्रतिष्ठा कधी झालीच नाही असं सांगतात. मूर्तीच्या बैठकीकडे बघा. समोर रोज तुपाचे दिवे जळले असते तर पायथ्याशी काजळी धरली असती. गाभाऱ्याभोवतीचे हारांसाठीचे आकडे वापरले असते तर भोवतीच्या चित्रांचे टवके उडाले असते. पायथा स्वच्छ आहे, टवके नाहीत. वहीतली ‘गाभारा’ ही ओळ भरा: मूर्ती पूर्ण, पूजा नाही.