कृतज्ञतेची वही: रोज नको, रविवारी पुरे

वही साधी शंभर पानी चालेल. रविवारी दिवेलागणीनंतर ओसरीवर पंधरा मिनिटं बसा आणि सरत्या आठवड्यातल्या तीन ते पाच गोष्टी लिहा. रोज लिहू नका. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांच्या २००५ मध्ये छापलेल्या सहा आठवड्यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांचं समाधान वाढलं, तीनदा लिहिणाऱ्यांचं नाही. कारण उघड आहे: चौथ्या दिवशी ‘घर, तब्येत, मुलं’ हीच यादी उतरते आणि मन तिकडे ढुंकूनही बघत नाही.

नोंदीत तीन गोष्टी हव्यात: नेमकं काय झालं, कोणामुळे, आणि त्या माणसाला त्यासाठी काय सोडावं लागलं. ‘शेजारी चांगले आहेत’ ही नोंद फुकट. ‘मंगळवारी वळीव आला तेव्हा काकूंनी स्वतःची वाळत घातलेली आंब्याची साठं भिजू दिली, आधी आमची उचलली’ ही खरी. तिसरा भाग बहुतेक जण गाळतात, आणि नेमका तिथेच जीव असतो.

पेन अडलं तर उलटं लिहा: हे झालंच नसतं तर? पाडेली आलाच नसता तर माडावरचे नारळ कोणी काढले असते? २००८ च्या एका अभ्यासात जोडीदार भेटलाच नसता तर, असं लिहिणारे लोक भेट कशी झाली हे लिहिणाऱ्यांपेक्षा नात्यात जास्त समाधानी निघाले.

दोन ठिकाणी गाडी घसरते. ‘त्यांच्याकडे तर एवढंही नाही’ असं लिहिलंत तर ती कीव झाली. आणि ‘आता फेडायला हवं’ असं वाटू लागलं तर ते ओझं. अशी नोंद खोडा. मोहोर गळून हंगाम गेला असेल तर तेही लिहा, गाऱ्हाणं दाबू नका. नैराश्यावर हा इलाज नव्हे: २०२१ मध्ये २७ अभ्यास एकत्र तपासले तेव्हा नैराश्य-चिंतेवरचा परिणाम लहानच दिसला. झोप-भूक गेली असेल तर डॉक्टर गाठा.

वहीतलं एखादं पान त्या माणसाला वाचून दाखवा. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मन यांच्या २००५ च्या प्रयोगात कृतज्ञतेचं पत्र समक्ष दिल्याने आनंद बराच वाढला, पण तो महिनाभरच टिकला. म्हणून दर दोन महिन्यांनी नवा माणूस निवडा. आपल्याकडे घरच्यांना ‘धन्यवाद’ म्हटलं की समोरचा ‘तब्येत बरी आहे ना?’ विचारतो, तो शब्द टाळा, घटना तेवढी सांगा. गावी येणाऱ्या मुंबईकर मंडळींसाठी गणपतीचे दिवस सोयीचे, फक्त आरतीच्या गर्दीत नको, दुपारी जेवणाची पानं उचलल्यावर.