विल्यम्स नासपती: तोडायची कधी, खायची कधी

इंग्लंडमध्ये परसात नासपतीचं जुनं झाड असेल, तर ते विल्यम्सचं असण्याची शक्यता बरीच. १७७०च्या सुमारास बर्कशरमधल्या आल्डरमास्टनच्या एका शाळामास्तरांनी वाढवलेली ही जात टर्नहॅम ग्रीनच्या विल्यम्स नावाच्या रोपवाटिकावाल्याने सगळीकडे पोचवली. अमेरिकेत हिलाच बार्टलेट म्हणतात. पातळ साल, रसाळ गर आणि कस्तुरीसारखा वास.

लागवड, छाटणी नेहमीसारखीच. जवळपास नासपतीच्याच दुसऱ्या एखाद्या जातीचं, उदाहरणार्थ कॉन्फरन्सचं, झाड तेवढं हवं, नाहीतर फळं कमी धरतात.

खरी गोम तोडणीत आहे. "झाडावरच पिकू द्या, गोडी वाढते" असं कुणी सांगितलं, तर मान डोलवा आणि विसरून जा. ही नासपती गाभ्यापासून बाहेर पिकत येते. झाडावर पिवळी दिसेपर्यंत थांबलात, तर बाहेरून देखणी आणि आत तपकिरी लगदा! जो गर शाबूत राहतो तोही दाताखाली कचकचतो. पाडाची वाट बघायची ती आंब्याला, हिला नाही.

साधारण ऑगस्टअखेरीपासून बघायला लागा. फळ हिरवं आणि टणकच असेल. तळहातात धरून आडवं होईपर्यंत हळूच वर उचला. देठ फांदीपासून अलगद सुटला, तर ते तयार आहे. ओढावं लागलं, तर सोडून द्या आणि तीन-चार दिवसांनी पुन्हा बघा. सगळं झाड एका दिवसात उतरवायचा उत्साह नको, फळं मागेपुढे तयार होतात.

तोडलेली फळं फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन आठवडे आरामात टिकतात. लागतील तशी पाच-सहा बाहेर काढून १८ ते २० अंशांच्या खोलीत ठेवा. घाई असेल तर कागदी पिशवीत, सोबत एक केळं.

आता रोज देठाजवळचा गळा अंगठ्याने दाबून बघायचा. तो किंचित दबला की त्याच दिवशी खा. पोट दाबून बघणाऱ्यांचं मला कोडंच आहे: पोट मऊ लागेपर्यंत गाभा गेलेला असतो, आणि वर फळावर बोटांचे डागही उठतात. रंगावरही फार विसंबू नका. हिरवट छटा असलेलं पिवळं फळ उत्तम, गर्द पिवळ्याला बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

गळा दबत नाही पण धीरही धरवत नाही, अशी फळं सोलून वेलचीच्या पाकात शिजवा.